पाळणाघर आणि बाकीचं वजा जाता पगारातले आठ हजार उरतात. नोकरी सोडावी का? (सोलापूर)

जुळे_सोलापूर | रविवार, रात्री ११:२०

बाळ साडेसात महिन्यांचं झालं. सव्वीस आठवड्यांची रजा संपली, वर दोन महिने बिनपगारी घेतले, तेही या महिनाअखेर संपतायत. एक तारखेला हजर व्हायचं की राजीनामा द्यायचा, हे पंधरा दिवसांत ठरवायचंय. घरात रोज रात्री हाच विषय निघतो, आणि रोज अर्ध्यावर सोडून आम्ही झोपतो. म्हणून सगळे आकडे इथं मांडते.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. पगार २५,८००. पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० कापून हातात २३,८०० येतात. यांच्या हातात ३८,०००. जुळे सोलापुरात वन बीएचके घेतलाय, त्याचा हप्ता १४,२००. किराणा, दूध, गॅस, लाइट, मेंटेनन्स आणि गावाकडं पाठवतो ते धरून घरखर्च २१,०००.

आता मी कामाला जायचं म्हटलं तर पाळणाघराचे ६,५०० आणि तिथल्या खाण्याचे दीड हजार, म्हणजे ८,०००. स्कूटीचं पेट्रोल १,८००. संध्याकाळी सातला घरी येऊन स्वयंपाक होणार नाही, म्हणून पोळी-भाजीच्या मावशींचे ३,५००. सगळे सांगतात की पाळणाघरात घातलं की पहिल्या वर्षी मूल आजारी पडतंच, त्याचे १,५०० धरलेत. माझे किरकोळ हजार. एकूण १५,८००. म्हणजे महिनाभर राबून हातात उरतात ८,०००.

नाही गेले तर यांच्या पगारातून हप्ता आणि घरखर्च जाऊन २,८०० उरतात. जगता येतं. पण त्यात एक दवाखाना निघाला की संपलं.

सासूबाई मंगळवेढ्याला आहेत. मामंजींना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांना तिथून हलता येत नाही. माझी आई नाही. तेव्हा ‘आजीकडं ठेवा’ हे उत्तर आमच्यापुरतं बाद आहे.

सोलापुरात हे कुणी निभावलंय? तुम्ही काय केलंत?

---

हुतात्मा_एक्स्प्रेस | रविवार, रात्री ११:५२

आम्ही पुण्यात हडपसरला राहतो, माहेर सोलापूर. इथं पाळणाघराला तुमच्या दुप्पट देतो आणि पगार काही दुप्पट नाही. माझ्या हातात काही उरतच नव्हतं, तरी चालू ठेवलं. दीड वर्षानं बढती मिळाली, ती घरी बसले असते तर मिळाली नसती. एवढंच सांगते, बाकी तिथली माणसं सांगतील.

---

मुरारजी_पेठ | सोमवार, सकाळी ७:१०

ताई, राग मानू नका. आठ हजारांसाठी एवढंसं लेकरू दहा तास परक्याकडं ठेवायचं हे मनाला पटत नाही. पहिली तीन वर्षं परत येत नाहीत. मी दोन्ही मुलांच्या वेळी घरी राहिले. चादरीच्या दुकानात हिशेब लिहायचं काम होतं, ते सोडलं. पैशाची ओढाताण झाली, दोन दिवाळ्या नवीन कपड्यांशिवाय गेल्या. पण पोरांचं पहिलं पाऊल, पहिला शब्द माझ्यासमोर झाला. मला त्याचा पस्तावा नाही.

---

पूर्वभाग | सोमवार, सकाळी ९:३५

मुरारजी पेठवाल्या ताईंचा अनुभव खरा आहे, पण ‘घरी राहणं’ आणि ‘काम न करणं’ या दोन गोष्टी आमच्या भागात कधीच एक नव्हत्या.

माझी अम्मा विड्या करायची. वडील यंत्रमागावर. पहाटे तेंदूची पानं भिजवून ठेवायची, मग कात्रीनं कापायची, आणि सूप मांडीवर घेऊन बसली की हजार विड्या होईपर्यंत उठणं नाही. मी शेजारी झोळीत. झोळीची दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली, म्हणजे हात विडीवर आणि पाय पाळण्यावर. तंबाखूची धूळ सगळ्या खोलीत. मला लहानपणी सतत खोकला असायचा, तो कशानं ते नर्सिंगला गेल्यावर कळलं. दुपारी विड्या मोजून द्यायला कारखान्यात जायची तेव्हा मला शेजारच्या अक्काकडं टाकायची. खराब म्हणून काढून टाकलेल्या विड्यांचे पैसे मिळायचे नाहीत, त्या दिवशी ती कुणाशी बोलायची नाही.

तिला कुणी विचारलं नाही की तू नोकरी सोडणार का. तिच्या विड्या थांबल्या असत्या तर चूल थांबली असती. पुढं कुंभारीला गोदूताई परुळेकर नगरात घर मिळालं ते तिच्या विडी कामगाराच्या कार्डावर, वडिलांच्या पगारावर नाही.

म्हणून माझ्या मुलीच्या वेळी मी घरी बसून काहीतरी करू असं ठरवलंच नाही. लोक सहज सांगतात, शिवण करा, ट्यूशन घ्या, घरबसल्या कॉम्प्युटरवर काम करा. बाळ आणि काम एकाच खोलीत असलं की दोन्हीकडं अर्धंच लक्ष राहतं, हे मी झोळीत पडून पाहिलंय. माझी लेक दोन वर्षं गल्लीतल्या एका अक्काकडं होती, महिना ३,००० आणि दिवाळीला साडी. पाटी नव्हती, सीसीटीव्ही नव्हता. पण अक्काच्या दारात चप्पल काढली की माझा जीव खाली पडायचा. तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणी मोठ्या वयाची, हात मोकळे असलेली बाई आहे का, ते आधी बघा की.

---

हिशेबनीस | सोमवार, दुपारी १:१५

मी पगारपत्रकं करतो, म्हणून फक्त आकड्यांवर बोलतो.

ताई, तुमचा हिशेब हातात येणाऱ्या रकमेवर थांबलाय. तुमचे १,८०० पीएफला जातात, तेवढेच कंपनी घालते. कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शनच्या खात्यात जातात आणि ५५० पीएफमध्ये. म्हणजे महिन्याला ३,६०० तुमच्या नावावर पडतायत आणि ते तुम्ही कुठंच धरले नाहीत. आठ हजार नाही, ११,६०० आहेत ते.

दुसरं, तुम्हाला किती वर्षं झाली? पाच वर्षं सलग झाली नसतील तर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम, बुडेल. प्रसूतीची रजा सलग सेवेत धरतात, मंजूर बिनपगारी रजेनंही सेवा तुटत नाही. आणि पीएफची पेन्शन बसायला दहा वर्षं लागतात. मधे सोडलं तर पैसे काढून घेऊ नका, पुढच्या नोकरीत खातं जोडून घ्या. जुनी वर्षं मोजली जातात. बायका नोकरी सोडल्या सोडल्या पीएफ काढतात आणि फ्रीज घेतात, हे मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी वाईट वाटतं.

तिसरं, कंपनीत माणसं किती? मातृत्व लाभ कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय द्यावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडं जाता येतं.

---

जुळे_सोलापूर | सोमवार, दुपारी ३:४०

बाळ झोपलंय तेवढ्यात लिहिते. चार वर्षं चार महिने झाले मला. पाच वर्षांचं डोक्यातच नव्हतं.

माणसं पन्नासच्या वर आहेत, पण कागदावर ऑफिसचे आम्ही बावीस आणि मागावरचे, शिलाईचे सगळे ठेकेदाराकडचे. गेल्या वर्षी आम्ही तिघींनी पाळणाघराचा विषय काढला होता. ‘बघू’ म्हणाले. त्यातल्या एकीनं नंतर काम सोडलं. शिलाईला ज्या बायका येतात त्यांची पोरं गेटबाहेरच्या झाडाखाली मोठ्या बहिणीकडं असतात. हे लिहिताना मलाच लाज वाटतेय की मी फक्त माझ्या पाळणाघराच्या साडेसहा हजारांचा विचार करत होते.

---

हिशेबनीस | सोमवार, दुपारी ४:०५

बेसिक पगार किती? १५,६०० च्या आसपास असेल तर ग्रॅच्युइटी दर वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, म्हणजे वर्षाला ९,०००. पाच वर्षांचे ४५,०००. आठ महिने अजून काढलेत तर हे मिळतात. आत्ता सोडलंत तर शून्य. आणि पन्नासच्या बाबतीत मुद्दा सोडू नका. एकटीनं नको, पण लेखी द्या.

---

छोटं_पाळणाघर | सोमवार, रात्री ९:३०

मी सात रस्त्याजवळ नऊ वर्षं पाळणाघर चालवते. ‘सहा-साडेसहा हजार घेतात, करतात काय’ असं बोललेलं बऱ्याचदा कानावर येतं, म्हणून माझी वही उघडून सांगते.

चौदा मुलं आहेत. दीड वर्षाच्या आतली चार, त्यांचे प्रत्येकी ६,५००. त्यावरची सहा, ४,५०० प्रमाणे. शाळा सुटल्यावर येणारी चार, २,५०० प्रमाणे. झाले ६३,०००. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांचं भाडं १२,०००. तिघी मदतनीस, ८,५०० प्रमाणे २५,५००. दूध, भाजी, तांदूळ, गॅस ९,०००. लाइट, टँकर, फिनेल, औषधाची पेटी ४,५००. उरतात १२,०००. सकाळी आठला कुलूप काढते, रात्री आठला लावते.

तान्ह्या बाळाला जास्त पैसे का, तर तीन बाळांमागं एक बाई पूर्ण वेळ लागते. एकाला भरवताना दुसरं शी करतं, तिसरं झोपेतून उठतं. जिथं एका बाईकडं सात-आठ तान्ही दिसतील तिथं फी कितीही कमी असली तरी ठेवू नका.

आपल्या गावाचं म्हणून आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. पाणी रोज येत नाही. त्यांची साठवण कुठं आहे, झाकलेली आहे का, पिण्याचं वेगळं भरतात का, उकळतात का, हे स्वतः आत जाऊन बघा. बाळांची निम्मी पोटदुखी तिथून येते. आणि मे महिना. बेचाळीस-त्रेचाळीस अंशाला पत्र्याच्या खोलीत कूलर लावून काही होत नाही. वर स्लॅब आहे की पत्रा, दुपारी ऊन कुठल्या भिंतीवर येतं, लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखे चालतात का, हे दुपारी दोन वाजता जाऊन बघायचं. सकाळी दहाला सगळीच पाळणाघरं छान दिसतात.

न सांगता जा. दार उघडायला किती वेळ लागला बघा. तुम्हाला आत बसू देत नसतील तर तिथंच परत फिरा.

आणि ताई, पहिले आठ दिवस पूर्ण दिवस ठेवू नका. एक तास, दोन तास, मग जेवण, मग झोप. तुमच्याकडं पंधरा दिवस आहेत, तर ते यासाठी वापरा.

---

होटगी_रोड | मंगळवार, सकाळी ६:५०

मी एका पगारावर राहून बघितलंय, तीन वर्षं. ते कसं जमलं ते सांगते, कारण तेही करता येतं.

यांचा पगार तेव्हा ३२,०००, घर वडिलोपार्जित, हप्ता नाही. हा फरक लक्षात घ्या. सोडण्याआधी सहा महिने आम्ही माझ्या पगाराला हातच लावला नाही. जणू तो येतच नाही असं धरून राहिलो. पहिल्या दोन महिन्यांत लक्षात आलं की आमचा खर्च कुठं फुगलेला आहे. सहा महिन्यांत घरखर्चाचे चार महिने पुरतील एवढे साठले, मगच राजीनामा दिला. तुम्हाला हे करायला वेळ मिळाला नाही. पण यांच्या २,८०० वर लगेच उडी मारणं मला धोक्याचं वाटतं. हप्ता १४,२०० चा आहे आणि तो एकाच माणसाच्या नोकरीवर उभा राहणार. यांना टर्म विमा आहे का? बाळ तुमच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात आहे का? राजीनाम्याबरोबर तो विमाही जातो. स्वतःचा काढायचा तर त्याचा हप्ता आत्ताच विचारून घ्या आणि २,८०० मधून वजा करा. मग काय उरतं ते बघा.

त्या तीन वर्षांत मला काय मिळालं? मुलगा शेंगदाणे सोलता सोलता मोजायला शिकला. दुपारी आम्ही दोघं सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी जाऊन बसायचो, मासे बघत. ते कुणाला विकत मिळणार नाही. आणि काय गेलं? परत नोकरी शोधली तेव्हा सोडल्या वेळेपेक्षा चार हजारांनी कमी पगार मिळाला. मुलाखतीत विचारलं, तीन वर्षं काय करत होतात. मला त्याचं उत्तर नीट देता आलं नाही. घरी येऊन रडले.

अजून एक. माझ्या हातात स्वतःचे पैसे नव्हते. हे कधी काही बोलले नाहीत, चांगले आहेत. पण माहेरी भावाच्या मुलाला काही द्यायचं तर मी आधी मनात उजळणी करायची. सोडणार असाल तर दर महिन्याला ठरलेली रक्कम तुमच्या खात्यात पडली पाहिजे, न मागता. हे नवऱ्याशी आधीच बोला.

---

निवृत्त_बाई | मंगळवार, सकाळी १०:२०

मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झाले. माझ्या सुनेलाही शिक्षिका म्हणून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, ती तिनं थोडी थोडी वापरली. तुमच्यासारख्या खासगीतल्या मुलींना हे नाही, ही तफावत मला टोचते.

नातू माझ्याकडं दुपारी एकपर्यंत असतो, पुढं पाळणाघरात. लोक म्हणतात, आजी असताना पाळणाघर कशाला? मी चौसष्टची आहे, गुडघे गेलेत, दोन वर्षांचं पोर जिन्यावरून पळालं तर मला धावता येत नाही. हे मी सुनेला स्पष्ट सांगितलं आणि तिनं ऐकलं. तुमच्या सासूबाईंना येता येत नाही याचं तुम्ही मनावर ओझं घेऊ नका.

अंगणवाडीचं कुणी सुचवेल म्हणून सांगते. तिथं बसवतात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना, तेही काही तासच. त्याखालच्या बाळांना घरी न्यायचा आहार मिळतो, तो जरूर घ्या, नाव नोंदवा. पण नोकरीच्या वेळेला ती सोय पुरत नाही.

---

दुसरी_पाळी | मंगळवार, दुपारी १२:०५

सगळ्या ताईंचं वाचलं. एक विचारतो. पाळणाघर, पोळीच्या मावशी, बाळाचा दवाखाना, हे सगळं ताईंच्याच पगारातून का वजा केलंय? मूल दोघांचं आहे की. ६१,८०० मधून वजा करा, मग चित्र वेगळं दिसतंय. भावजींच्या पगारातून त्यांचं पेट्रोलसुद्धा वेगळं काढलेलं नाही, ते घरखर्चात गेलंय.

मी पाळीची नोकरी करतो. मुलगी सहा महिन्यांची झाली तेव्हा बायको सकाळी शाळेत जायची आणि मी दुसरी पाळी मागून घेतली. सकाळी साडेसात ते दीड मुलगी माझ्याकडं. आंघोळ, नाचणीची पेज, झोप, सगळं मी केलं. गल्लीतल्या बायका सुरुवातीला दारात येऊन बघायच्या. आईला फोन जायचे की तुमचा मुलगा पोर सांभाळतोय. एक वर्ष आम्ही नवरा-बायको फक्त दाराच्या उंबऱ्यावर भेटलो. ते कठीण गेलं, खोटं सांगत नाही. पण पाळणाघराचे तास दहावरून चारवर आले, आणि पोरीला माझ्याशिवाय झोप येत नाही अजून.

सगळ्यांना पाळी बदलून मिळत नाही. पण सकाळी सोडणं आणि बाळ आजारी असताना निम्म्या रजा हे भावजी घेणार का, हे आधी ठरवा. नाहीतर पहिल्या तापाला तुम्हीच राजीनामा द्याल, आकडे काहीही असोत.

---

मुरारजी_पेठ | मंगळवार, दुपारी २:३०

होटगी रोडच्या ताईंचं वाचून बराच वेळ फोन हातात धरून बसले. माहेरी द्यायच्या पैशांची उजळणी मीही करायची. ते कधी कुणाला बोलले नव्हते. माझं मत पूर्ण बदललं असं नाही, पण तुमच्या डोक्यावर हप्ता आहे, आमच्या नव्हता, हेही खरं.

---

जुळे_सोलापूर | शुक्रवार, रात्री १०:४५

चार दिवस गायब होते. मंगळवारी रात्री हा सगळा धागा यांना वाचायला दिला. दुसऱ्या पाळीच्या दादांच्या लिहिण्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग वही मागितली. आता वहीत पाळणाघराचे आठ हजार माझ्या नावाखाली नाहीत, घराच्या हप्त्याखाली लिहिलेत. दोघांचे मिळून ६१,८००, सगळा खर्च ५१,०००, शिल्लक १०,८००. आकडा तोच, मीच आधी दोन तुकड्यांत बघत होते. माझ्या कंपनीच्या आरोग्य विम्यात बाळाचं नाव आहे, ते तपासलं. यांचा टर्म विमा नव्हता, त्याचा फॉर्म भरतोय.

तीन पाळणाघरं बघितली, सगळीकडं न सांगता. पहिल्या ठिकाणी दार उघडायला पाच मिनिटं लागली, आणि आत टीव्हीसमोर सगळी मुलं. दुसरं छान होतं पण वर पत्रा. दुपारी अडीचला गेलो तेव्हा आतल्या बाईंच्याच पदराला घाम निथळत होता. तिसरं घरापासून दीड किलोमीटर, तळमजला, वर स्लॅब, पाण्याची टाकी झाकलेली. तान्ही दोनच आहेत आणि आमचं तिसरं. तिथल्या मावशींनी बाळाला माझ्या हातातून ओढून घेतलं नाही. समोर खाली बसल्या, आणि ते रांगत त्यांच्याकडं जाईपर्यंत थांबल्या. बुधवारी एक तास ठेवलं, गुरुवारी दोन, आज जेवण तिथं झालं.

आठ महिने करायचं ठरवलंय. पाच वर्षं पुरी होतील तोवर. दर महिन्याची शिल्लक वेगळ्या खात्यात टाकायची. आठ महिन्यांनी बाळाचं वजन, माझी तब्येत आणि ते खातं बघून पुन्हा बसायचं. तेव्हा सोडावंसं वाटलं तर हातात काहीतरी घेऊन सोडेन. सकाळी सोडायचं काम यांचं. रजा आळीपाळीनं, पहिली यांची.

ऑफिसात साडेनऊ ते साडेपाच मागितलेत, जेवणाची सुट्टी अर्धी करून. अजून हो म्हणालेले नाहीत. आणि पाळणाघराचं पत्र लिहायला घेतलंय, शिलाईच्या दोघी अंगठा द्यायला तयार आहेत.

मुरारजी पेठच्या ताई, तुम्ही पहिल्या पावलाचं लिहिलंत ते माझ्या मनातून जात नाही. ते पाळणाघरात पडलं तर?

---

छोटं_पाळणाघर | शुक्रवार, रात्री ११:१०

पडलं तरी आम्ही सांगत नाही. नऊ वर्षांत एकाही आईला सांगितलं नाही. संध्याकाळी म्हणतो, ‘आज फार उभं राहायला बघत होता, लक्ष ठेवा’. तुमच्या मावशींनाही तसं सांगून ठेवा.

आणि सोमवारपासून झोपेची वेळ तिथं करा. तुमची जुनी मऊ साडी घडी करून द्या, न धुतलेली. त्यावरच झोपवायला सांगा.